केळशी ते दाभोळ: दापोलीच्या किनाऱ्यावर येण्याआधी तिथी बघा

दापोली तालुक्याचा किनारा उत्तरेला केळशीला सुरू होतो आणि दक्षिणेला दाभोळच्या खाडीशी संपतो. मधे आडे, पाडले, आंजर्ले, हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे. एसटीच्या दापोली आगारात वाहक म्हणून माझी नोकरी याच गावांच्या फेऱ्यांवर झाली. मुंबई-पुण्याची माणसं गाडीत चढली की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "ताई, यातला सगळ्यात चांगला बीच कुठला?" मी उलट विचारायचे, आज तिथी कुठली, आणि तुम्ही पोचणार किती वाजता? हा किनारा सकाळी एक असतो आणि दुपारी दुसराच. परतीच्या गाडीत ज्या तक्रारी कानावर यायच्या, "किनारा अगदीच अरुंद आहे हो", "पाणी कुठल्या कुठे लांब गेलेलं", "पोरांना डुंबताच आलं नाही", त्यातल्या बहुतेक वेळ चुकल्यामुळे होत्या. जागेत काही खोट नव्हती.

म्हणून खोली ठरवायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. आमच्याकडे घराघरात चालणारा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची, येईल तो भरतीचा वाजण्याचा आकडा. पंचमी असेल तर पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा. दोन्ही पक्षांना हाच हिशेब, आणि दिवसाला तसाच रात्रीला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला पुरतो. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज ही वेळ पाऊण तासाच्या वर पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, म्हणजे पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, तेव्हा चढ-उतार कमी.

आता याचा उपयोग कसा, ते सांगते. संध्याकाळी मैलभर चालायचं आहे, पायाखाली टणक ओली वाळू हवी आहे, तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास या. त्या दिवसांत ओहोटी साधारण सूर्यास्तालाच येते आणि मुरूड-कर्द्याचा पट्टा नजर पोचणार नाही इतका उघडा पडतो. पोरांना पाण्यात खेळवायचं आहे तर अष्टमीच्या आगेमागे या. दुपारपासून पाणी हळूहळू चढत असतं, उधाणासारखा जोर नसतो, आणि उन्हं उतरायच्या वेळी भरती पुरी होते. पौर्णिमेला आलात तर आंघोळ सकाळीच उरकून घ्या, नऊ-दहाच्या आत. दुपारनंतर पाणी उतरायला लागतं.

आणि उतरत्या पाण्यात जाऊ नका. पोहता येणाऱ्यांनीही जाऊ नये, किंबहुना इथे बुडणाऱ्यांत पोहता येणारेच बरेच असतात. भरतीचं पाणी माणसाला किनाऱ्याकडे ढकलतं, ओहोटीचं आत ओढतं. लाटा फुटताहेत आणि मधेच एखादा पट्टा गुळगुळीत, शांत दिसतोय, तिथे लाट फुटत नाही, पाणी थोडं गढूळ आहे, तर ती जागा आंघोळीची नव्हे. किनाऱ्यावर आलेलं पाणी त्याच वाटेने परत जात असतं. चुकून सापडलातच तर त्याच्याशी झुंजत सरळ किनाऱ्याकडे यायचा प्रयत्न करू नका. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत बाहेर पडा आणि मग लाटेबरोबर काठाला या. खाडीच्या मुखाशी तर कुठल्याच वेळी उतरू नका. केळशी, आंजर्ले, दाभोळ, तिन्हीकडे नदी समुद्राला मिळते आणि ओहोटीला तिथली ओढ होडीलाही आवरत नाही. हर्णैच्या कोळ्यांना विचारा. जे रोज समुद्रात जातात तेच सगळ्यात जास्त जपून असतात.

आता एकेक गाव घेऊ.

केळशी मला फार आवडतं आणि तिथे माणसं कमी जातात. गाव सखल, आगरांमधून, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागांमधून, जाणाऱ्या अरुंद वाटा, महालक्ष्मीचं घुमट असलेलं देऊळ, टेकडीवर याकूबबाबांचा दर्गा. भारजा नदी जिथे समुद्राला मिळते तिथे वाळूची मोठी टेकडी आहे, संशोधकांनी येऊन अभ्यासलेली. ती टेकडी लांबून बघा, वर चढू नका. तिच्या अंगावर पसरलेली मर्यादवेल, ती जांभळ्या फुलांची, वाळू धरून ठेवते. माणसं चढली की वेल तुटते आणि पुढच्या पावसाळ्यात वाळू वाहून जाते. केळशीचा किनारा लांबलचक आणि रिकामा असतो, म्हणून एकट्या बाईने भर दुपारी दूरवर जाऊ नये एवढंच सांगेन. गावाजवळच्या टोकाला बिनधास्त बसावं. राहायला घरगुती खोल्या आहेत, मोजक्याच. आधी फोन करूनच जा.

आंजर्ल्याला बहुतेक जण कड्यावरच्या गणपतीसाठी येतात, उजव्या सोंडेचा गणपती म्हणून. गाडी वरपर्यंत जाते, पण गुडघे धड असतील तर गावातून पाखाडीने चढा. जांभ्याच्या पायऱ्या, दोन्ही बाजूला झाडं, आणि वर पोचलात की खाली आंजर्ल्याचं सगळं आगर, खाडी आणि समुद्रातला सुवर्णदुर्ग एका नजरेत येतो. पूल होण्याआधी हर्णैकडून यायचं तर तरीतून, म्हणजे होडीतून, खाडी ओलांडावी लागायची. आता गाडी सरळ येते आणि त्यामुळे शनिवार-रविवारी गर्दीही सरळ येते.

आंजर्ल्याची खरी श्रीमंती मात्र किनाऱ्यावरची कासवं. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री वाळूत येऊन अंडी घालते, एका घरट्यात शंभराच्या आसपास. गावातले कासवमित्र ती अंडी कुत्र्या-कोल्ह्यांपासून वाचवायला जाळीच्या कुंपणात हलवतात आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर आली की सकाळी किंवा संध्याकाळी समुद्रात सोडतात. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत बघायला मिळण्याची शक्यता चांगली. हे काम या भागात रुजलं ते शेजारच्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासपासून, २००२ पासून.

पिल्लू दिसेलच असं नाही, हे पोरांना घरूनच सांगून ठेवा. मी एका सकाळी दोरीच्या अलीकडे उभी होते. टोपली कलती केली आणि तळहातात मावतील एवढी काळपट पिल्लं वाळूवर आली. दोन पावलं जातात, थांबतात, मान वर करतात, पुन्हा चालतात. ओल्या वाळूवर प्रत्येकाची वेगळी नक्षी उठते. पहिली लाट त्यांना उलटी मागे आणून टाकते, तरी पुन्हा तोंड समुद्राकडेच. त्या वेळी शेजारच्या एका गृहस्थांनी मोबाइलचा दिवा लावला आणि तीन-चार पिल्लं लगेच वळून आमच्याकडे यायला लागली. उजेडाच्या दिशेने जायचं एवढंच त्यांना कळतं. कासवमित्र पोरगा ओरडला नाही, "काका, दिवा बंद करा, ती वाट चुकतात," एवढंच म्हणाला. तेव्हा फ्लॅश नको, बॅटरी नको, पिल्लाला हात नको. दोरी बांधलेली असते तिच्या अलीकडेच राहायचं.

हर्णैसाठी संध्याकाळ मोकळी ठेवा. बोटी खोल पाण्यात उभ्या राहतात, मासळी छोट्या होड्यांतून काठाला येते, आणि बैलगाडी पाण्यात घालून मासळी ओढून आणायची ही इथली जुनी रीत. काठावर टोपल्यांचे ढीग लागले की लिलाव सुरू होतो. पापलेट, सुरमई, हलवा, बांगडे, कोळंबी, म्हाकूल, सौंदाळे, बोंबील. नवख्या माणसाला बोली कळतच नाही इतक्या झटपट ती तुटते, आणि ढीगच्या ढीग व्यापारी उचलतात. तुम्हाला घरापुरती मासळी हवी असेल तर लिलावाच्या घोळक्यात घुसू नका. थोडं मागे वाटे लावून बसलेल्या मावश्या असतात, त्यांच्याकडे जा. कल्ला उघडून बघा, लालभडक हवा. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, आत बसलेला नको. अंगावर बोट दाबलं तर खळगा राहू नये. भाव करा, पण वाटा उचलून बघून, नाक मुरडून परत टाकू नका. ती बाई पहाटेपासून उभी असते. साफ करून देणाऱ्याही तिथेच बसतात, त्यांचे पैसे वेगळे. बरोबर झाकणाचा डबा आणा. आमच्या गाडीत पिशवीतून मासळीचं पाणी गळायचं आणि सगळ्या प्रवाशांचे पाय भरायचे, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या काळात हर्णैला जाऊन लिलाव कुठे आहे असं विचारू नका, आणि ताटात ताजी सुरमई आली तर ती बर्फातली आहे हे समजून खा. मासळीचा खरा हंगाम नारळी पौर्णिमेनंतरच.

सुवर्णदुर्गाला होडीने जाता येतं, पावसाळा सोडून. किल्ल्याला धक्का नाही, त्यामुळे उतरताना गुडघाभर पाण्यात पाय घालावाच लागतो. जीन्स घालून गेलेल्या मुली दिवसभर ओल्या राहतात. दारातल्या पायरीवर कासव कोरलेलं आहे आणि बाजूच्या भिंतीवर मारुती, तो न बघता पुढे जाऊ नका. आत सावली नाही, प्यायचं पाणी नाही, गवत माजलेलं असतं, म्हणून बूट आणि पाणी बरोबर हवं. आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं होतं. १७५५ साली पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेऊन ते तुळाजी आंग्र्यांकडून घेतलं. आपल्याच आरमाराचा कणा आपणच मोडला, याचं वाईट त्या तटाखाली उभं राहिलं की आजही वाटतं. ज्यांना होडीची भीती वाटते त्यांनी किनाऱ्यावरच्या कनकदुर्गावर, दीपगृहापाशी जावं. तिथून सुवर्णदुर्ग समोर दिसतो आणि बंदरही. होडीत बसताना जॅकेट मागून घ्या. दिलं नाही तर बसू नका, दुसरी होडी बघा.

मुरूडबद्दल आधी एक खुलासा. हे जंजिऱ्याचं मुरूड नव्हे. ते रायगड जिल्ह्यात, हे रत्नागिरी जिल्ह्यातलं. खोली एकीकडची आणि तिकीट दुसरीकडचं, असे प्रवासी मला भेटलेले आहेत. आमचं मुरूड म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. जुनी चिरेबंदी घरं, दुर्गादेवीचं देऊळ, सरळ रेषेत आखलेली आगरं. गाव सकाळी सातच्या आत चालून बघा, आगरांना पाणी सोडलेलं असतं आणि रस्त्यावर गाड्या नसतात. किनाऱ्यावर मात्र सुटीच्या दिवशी स्कूटर, घोडे, उंट, बनाना राइड यांची एवढी दाटी होते की म्हाताऱ्या माणसाला धड चालता येत नाही. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि मेचे शनिवार-रविवार मी कुणालाच सुचवणार नाही. डॉल्फिन बघायचे तर भल्या सकाळी निघा, तेव्हा पाणी शांत असतं. डॉल्फिनच्या मागे जोरात होडी पळवणाऱ्याला आधीच सांगा की लांबूनच बघू.

कर्दे मुरूडला लागूनच आहे आणि तुलनेने निवांत. पण याच पट्ट्यावर चारचाकी वाळूत घालायची हौस सगळ्यात जास्त, आणि इथे मला रागाने बोलावंसं वाटतं. ओहोटीला वाळू सिमेंटसारखी टणक दिसते, म्हणून माणसं गाडी खाली उतरवतात. डोंगरातून आलेला पऱ्या, म्हणजे ओढा, जिथे समुद्राला मिळतो तिथे वरून वाळू कोरडी आणि खाली भुसभुशीत असते. चाक तिथे बसलं की जितका ॲक्सिलरेटर दाबाल तितकं खोल जातं. मग ट्रॅक्टर शोधायचा, आणि भरती तर कुणासाठी थांबत नाही. एका कुटुंबाची नवी गाडी काचांपर्यंत पाण्यात गेलेली मी पाहिली. त्या बाई रडत होत्या आणि धाकटं पोर विचारत होतं की आपण आता घरी कसे जाणार. गाडीचं नुकसान तर झालंच, पण गाड्यांच्या चाकांखाली कासवांची घरटी आणि वाळूतले खेकडे जातात, ते कुणी मोजत नाही. गाडी रस्त्यावर ठेवा. शंभर पावलं चाला.

मुरूडकडे येताना आसूदला थांबा. केशवराजाच्या देवळाकडे जायची वाट सुपारीच्या बागेतून खाली उतरते, पूल ओलांडते आणि मग चढण लागते. देवळाजवळ गोमुखातून पाणी पडतं. भर मेमध्येही तिथे गारवा असतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या भागातली नारळी-पोफळी आडव्या झाल्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या बागा एका दुपारी गेल्या. नव्याने लावलेली सुपारी धरायला काही वर्षं जातात. म्हणून बागेतून जाताना रोपांवर पाय देऊ नका, आणि पडलेली सुपारीसुद्धा विचारल्याशिवाय उचलू नका.

लाडघरला वाळूबरोबर लाल-तांबूस गोटे आहेत. एका बाजूला, तामसतीर्थापाशी, उथळ पाणी त्या गोट्यांमुळे तांबडं दिसतं. अनवाणी चालायला हा किनारा त्रासाचा, लहान पोरांना चप्पल हवीच. बसून सूर्यास्त बघायला उत्तम. गोटे खिशात भरून नेऊ नका, प्रत्येकाने मूठभर नेले तर उरणार काय? बुरोंडीजवळ रस्त्यावर परशुरामाचा मोठा पुतळा आहे, पृथ्वीच्या गोलावर उभा. पाच-दहा मिनिटं थांबण्यासारखी जागा, वारा छान लागतो.

कोळथरे हे माझं सगळ्यात आवडतं गाव. किनारा लहान, एका बाजूला खडक, कोळेश्वराचं देऊळ झाडीत, आणि संध्याकाळी आवाज फक्त लाटांचा. ओहोटीला खडकांच्या खळग्यांत छोटे मासे, शंखातले खेकडे, चिकटून बसलेले कालव दिसतात. पोरांना तासन्‌तास पुरतं. खडकावर शेवाळ असतं, तेव्हा जपून. इथे खेळ नाहीत, बाजार नाही. ज्यांना "करायला काय आहे" असा प्रश्न पडतो त्यांनी मुरूडलाच राहावं, ज्यांना चार पानं वाचत पडून राहायचं आहे त्यांनी इथे यावं.

जेवणाचं सांगायचं तर, पाटी मोठी त्याहून घर बरं. बहुतेक गावांत घरगुती जेवण मिळतं, पण दोन-तीन तास आधी सांगावं लागतं. दीडला जाऊन "काय तयार आहे?" विचारलं तर वरण-भातच मिळणार, आणि त्यात त्या घरच्या बाईचा दोष नाही. शाकाहारी माणसांनी काळजी करू नये. वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, मार्च-एप्रिलात ओल्या काजूची उसळ, सकाळी घावन, आणि आधी सांगितलं तर उकडीचे मोदक. सोलकढी आमसुलं भिजवून केलेली आहे का, हे विचारायला लाजू नका. पाकिटातल्या पावडरीची लगेच कळते, नुसती आंबट आणि भडक गुलाबी.

बायकांसाठी वेगळं सांगते, कारण हे कुणी लिहीत नाही. किनाऱ्यावर कपडे बदलायची आणि स्वच्छतागृहाची सोय सगळीकडे नाही, आणि जिथे आहे तिथे पाणी असेलच असं नाही. जवळच्या खानावळीत चहा घ्या आणि विचारा, कुणी नाही म्हणत नाही. खोली घेताना समुद्र किती जवळ आहे याआधी न्हाणीघराची कडी लागते का ते बघा. पैसे रोख ठेवा, फोनला रेंज मिळाली तर मिळाली. पेट्रोल आणि औषधं दापोलीतच घ्या.

गाडी नसली तरी काही अडत नाही. कोकण रेल्वेने खेडला उतरा, तिथून एसटीने दापोली सुमारे तासाभरात. दापोली स्थानकातून या सगळ्या गावांना गाड्या आहेत. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून मायलेकी, नणंदा-भावजया मिळून येताना दिसतात, ते बघून बरं वाटतं. गावाहून सकाळी सुटणारी पहिली गाडी बहुधा रात्री मुक्कामाला आलेली असते, ती वेळेवर सुटते. संध्याकाळच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरतानाच वाहकाला विचारून ठेवा. ती चुकली की रिक्षावाला सांगेल तेवढे द्यावे लागतात.

दाभोळला समुद्रात आंघोळ करायला येऊ नका, ते बंदर आहे. चंडिकेचं गुहेतलं देऊळ बघा. आत अंधार असतो, समईच्या उजेडात मूर्ती दिसते. धक्क्याजवळ आदिलशाही काळातली दगडी मशीद आहे, चार मिनारांची. तिच्या कमानींवरून एके काळी या बंदरात काय व्यापार चालत असेल त्याचा अंदाज येतो. पुढे गुहागरला जायचं असेल तर फेरीबोटीत गाडी चढवा, पलीकडे धोपाव्याला उतरा. चिपळूणवरून वळसा घालायची गरज नाही. सुटीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते, म्हणून सकाळीच गाठा, आणि परत याच वाटेने यायचं असेल तर शेवटची फेरी किती वाजता ते तिकिटाच्या खिडकीवर जातानाच विचारा.